दाढी फुटण्याआधीचे सिद्ध

जादूगार म्हटला की म्हातारा डोळ्यांपुढे येतो. पांढरी दाढी, हातात दंड, आणि सगळे आधीच पाहून झाल्यासारखी नजर. राजा आर्थरचा मर्लिन असा, टॉल्किनचा गॅन्डाल्फ असा, आणि वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघालेला आपला चौदाशे वर्षांचा चांगदेवही असाच. १९६७ साली अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने उर्सुला ले ग्विन यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी कादंबरी मागितली, तेव्हा त्यांना एक साधा प्रश्न पडला. ही माणसे जन्मली तेव्हा तर म्हातारी नव्हती. मग पोरवयात ती कशी होती, विद्या शिकली कुठे? त्या प्रश्नातून १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आली. बेटावर शेळ्या राखणारा गेड विद्येच्या शाळेत जातो आणि मित्रांपुढे मिरवण्याच्या नादात स्वतःच्याच सावलीला मोकाट सोडून बसतो. दोनच वर्षांनी मेरी स्ट्यूअर्ट यांनी ‘द क्रिस्टल केव्ह’मध्ये मर्लिनचे बालपण त्याच्याच तोंडून सांगितले. १९९७ साली हॅरी पॉटर आला आणि जादूगाराचे शिकाऊ वय हा जगभरच्या मुलांचा आवडता विषय झाला. प्रसिद्ध पात्राची आधीची गोष्ट, म्हणजे पूर्वकथा, हा तर आता प्रकाशन आणि चित्रपट या दोन्ही धंद्यांचा भरवशाचा माल आहे.

मराठीत हा प्रश्न कुणी विचारला का, याचा आढावा घ्यायचा तर लोक पटकन ‘नाही’ म्हणतात आणि भाषांतरांकडे बोट दाखवतात. माझे म्हणणे वेगळे आहे. आपल्याकडे हा प्रश्न फार आधी विचारला गेला, त्याची उत्तरेही मिळाली, आणि ती उत्तरे देवघरातल्या पोथीत बांधून ठेवल्यामुळे कादंबरीकारांनी ती कधी उघडून पाहिली नाहीत.

हे अकलूजमध्ये बसून लिहिताना जास्त जाणवते. आषाढात तुकोबांच्या पादुकांना सराटीला नीरेत स्नान होते, पालखी पूल ओलांडून सोलापूर जिल्ह्यात येते आणि अकलूजला गोल रिंगण लागते. त्याच सुमारास आमच्याच माळशिरस तालुक्यात नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा मुक्कामांनी माउलींची पालखी पुढे सरकते. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी करमाळ्याकडून याच जिल्ह्यात उतरते. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरू. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ, त्यांचे मच्छिंद्रनाथ. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायात ज्ञानदेवांनी स्वतः ही परंपरा सांगितली आहे. आणि या साखळीतले गहिनीनाथ, पोथीच्या कथेप्रमाणे, मुलांच्या खेळातल्या चिखलाच्या बाहुल्यातून जन्मले. एका शिकाऊ पोराच्या हातून न कळत घडलेली ती गोष्ट होती.

ही पोथी म्हणजे ‘नवनाथ भक्तिसार’. धुंडीसुत मालू नरहरी यांनी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली ती पूर्ण केली. चाळीस अध्याय, ओवी छंद. अध्यायांच्या शेवटी आधारग्रंथ म्हणून गोरक्षाच्या ‘किमयागार’ काव्याचे नाव येते. श्रावणात हिचे पारायण घरोघर चालते; आमच्या भागात उसाच्या पाळ्या सांभाळून नऊ दिवस पोथी लावणारी घरे पुष्कळ आहेत. लाखो लोकांसाठी नाथ हे गुरू आहेत आणि पुढचे सगळे मी त्या श्रद्धेचा मान ठेवूनच लिहितो आहे. पण पोथी कथा म्हणूनही वाचता येते, आणि कथा म्हणून वाचली की लक्षात येते की हे मराठीतले तरुण सिद्धांच्या घडणीचे सर्वांत मोठे पुस्तक आहे.

पहिलाच अध्याय पूर्वकथेने सुरू होतो. कलियुगात अवतार घ्यायचे म्हणून श्रीकृष्ण द्वारकेला नऊ नारायणांना बोलावतात. कवी मच्छिंद्र होणार, हरी गोरक्ष, अंतरिक्ष जालिंदर, प्रबुद्ध कानिफा, करभाजन गहिनी, अशी वाटणी ठरते. इथपर्यंत पुराणाची नेहमीची चाल आहे. खरी गोष्ट पोरे पृथ्वीवर आल्यावर सुरू होते. एकालाही सरळ घर मिळत नाही. मच्छिंद्र माशाच्या पोटातला, गोरक्ष उकिरड्यातला, कानिफा हत्तीच्या कानातला, नागनाथ वडाच्या ढोलीतला, रेवण नदीच्या वाळूत सापडलेला. सगळी उचलून आणलेली, दुसऱ्याच्या पदरात वाढलेली मुले.

मच्छिंद्राचे बालपण पाहा. शंकर पार्वतीला उपदेश करत असताना तो माशाच्या गर्भातच ऐकत असतो आणि प्रश्नाचे उत्तर पार्वतीऐवजी तोच देतो. पण ज्ञान असून पोट भरत नाही. तो कामिक नावाच्या कोळ्याच्या घरी वाढतो. पाच वर्षांचा झाल्यावर बाप त्याला मासे धरायला बरोबर नेतो. बाप जाळे टाकून मासे काठावर काढतो आणि पोरगा एकेक मासा उचलून परत पाण्यात सोडतो. ही तर आपलीच भावंडे. बापाच्या लक्षात येते तेव्हा तो थोबाडीत मारतो आणि विचारतो की मग खायचे काय, भीक मागायची का. मुलगा त्या रागाच्या बोलण्याला खरे धरतो. जीव मारून जगण्यापेक्षा भिक्षा बरी, असे ठरवून घर सोडतो आणि बदरिकाश्रमी बारा वर्षे तप करतो. नाथपंथाची भिक्षा या कथेत अशी एका कोळ्याच्या चिडक्या प्रश्नातून येते. बापही इथे दुष्ट नाही. त्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर पेटते. दोघांचेही म्हणणे खरे ठेवून वाट फुटते, हे मला या प्रसंगाचे मोठेपण वाटते.

तपानंतर दत्तात्रेयांचा अनुग्रह होतो, मग सप्तशृंगीवर देवीकडून शाबरी विद्येची वाट कळते आणि बावन्न वीर वश करायचे काम सुरू होते. शाबरी मंत्र संस्कृतात नाहीत. लोकांच्या मिसळीच्या बोलीत आहेत. मच्छिंद्राच्या सुरुवातीच्या सगळ्या झुंजी, मारुतीशी, वेताळाशी, वीरभद्राशी, या नव्या विद्येची परीक्षा आहेत. त्या वाचायला रंगतदार आहेत, पण घडणीच्या दृष्टीने त्यांत फारसे काही नाही. एक जिंकतो, दुसरा वर देतो आणि पोथी पुढे जाते.

गोरक्षाच्या कथा मात्र पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. मच्छिंद्राने पुत्रप्राप्तीसाठी दिलेले भस्म एका बाईने शेजारणींच्या बोलण्यामुळे उकिरड्यावर टाकून दिलेले असते. बारा वर्षांनी गुरू येऊन विचारतो, उकिरड्यापाशी हाक देतो, आणि आतून बारा वर्षांचा मुलगा उत्तर देतो. पुढे तो भिक्षेला जातो, कुठल्याशा घरी वडा मिळतो, गुरूला तो आवडतो. दुसरा वडा मागायला गेल्यावर घरची बाई म्हणते, त्याबद्दल डोळा दे. पोरगा बोट घालून स्वतःचा डोळा काढून देतो. आजचा वाचक इथे दचकतो आणि दचकलेच पाहिजे. अशी आंधळी आज्ञाधारकता हा कुठल्याही गुरुकुलाचा धोका आहे. पण कथा तिथे थांबत नाही, हे पारायण ऐकणाऱ्याला ठाऊक असते. पुढे हाच मुलगा गुरूला अडवायला उभा राहणार आहे.

त्याआधी चिखलाचा प्रसंग येतो. कनकगिरीला गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करतो आहे. गावची मुले चिखलाशी खेळत असतात. त्यांना गाडी करता येते, गाडीवान जमत नाही, म्हणून ती या जोगड्या पोराला गळ घालतात. हा तोंडाने मंत्र घोकता घोकता हाताने चिखलाचा माणूस करत बसतो. मन मंत्रात, हात मातीत. बाहुल्याचे अवयव पुरे होतात आणि तो रडू लागतो. भूत म्हणून मुले पळत सुटतात. शिकाऊ पोराच्या हातून विद्या सुटून जाण्याची गोष्ट जगात इतरत्रही आहे. गटेने १७९७ साली त्यावर कविता लिहिली, १९४० साली डिस्नेच्या ‘फँटेशिया’त मिकी माऊसने तोच घोळ घातला. तिथे केरसुणी पाणी भरत सुटते, घर बुडायला येते, गुरू येऊन मंत्र परत घेतो आणि पोराला धडा मिळतो. आमच्या कथेत गुरू येतो आणि जे निर्माण झाले ते मोडत नाही. मातीच्या त्या मुलात त्याला करभाजन नारायण ओळखू येतो. तो त्याला उचलतो आणि एका मूल नसलेल्या जोडप्याच्या ओटीत घालतो. चुकीतून आलेला जीव परत माती करायचा नसतो, त्याला आईबाप शोधून द्यायचे असतात. जादूच्या कुठल्याही कथेत मला याहून मोठा निर्णय सापडलेला नाही. हा मुलगा पुढे ब्रह्मगिरीवर निवृत्तीला भेटला, असे परंपरा मानते.

मग आंब्याच्या झाडाखालची ती भेट. कानिफा आणि गोरक्ष, दोघेही तरुण, दोघांनाही आपल्या विद्येची धुंदी. कानिफा मंत्राने आंबे खाली पाडतो. गोरक्ष आपल्या मंत्राने दुसऱ्या झाडाची फळे आणतो, आणि मग ती देठाला परत लावून दाखवण्यावर गोष्ट येते. पाडणे सोपे, परत लावणे कठीण. चढाओढ वाढते आणि रागाच्या भरात दोघे एकमेकांच्या गुरूची उणी काढतात: तुझा गुरू स्त्रीराज्यात राणीच्या मोहात पडला आहे, तुझा गुरू गोपीचंद राजाने घोड्याच्या लिदीखाली खड्ड्यात पुरला आहे. भांडण एका क्षणात थांबते, कारण प्रत्येकाला हवी असलेली बातमी नेमकी समोरच्याकडून कळलेली असते. दोघेही आपापल्या गुरूला सोडवायला धावतात. ले ग्विनचा गेडही असाच बढाईच्या भरात चुकतो, पण त्याला चुकीची किंमत एकट्याने मोजावी लागते. आंब्याखाली मात्र दोन गर्विष्ठ पोरे एकमेकांच्या उपयोगी पडतात. कथानक म्हणून ही गाठ इतकी पक्की आहे की आजच्या पटकथालेखकाने ती अभ्यासाला घ्यावी.

स्त्रीराज्यातून गुरूला परत आणणे हा गोरक्षाच्या वयात येण्याचा शेवटचा टप्पा. मृदंग वाजवणाऱ्याच्या वेषात तो दरबारात शिरतो आणि गुरूला मृदंगाच्या बोलांतून हाक मारतो. गुरू निघतो, पण राजपुत्र मीननाथ आणि सोन्याची वीट बरोबर घेऊन. वाटेत मुलाने घाण केली, त्याला धुऊन आण, असे गुरू सांगतो तेव्हा गोरक्ष त्याला धोब्याने कपडा आपटावा तसा आपटतो आणि त्याचे कातडे वाळत घालतो. गुरू ऊर फुटून रडतो. मग गोरक्ष मुलाला जिवंत करतो. विटेचीही तीच गत. ती फेकून देऊन तो डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. मीननाथाचा प्रसंग क्रूर आहे आणि कुणी लहान मुलांसाठी पुनर्कथन करताना तो गाळला तर मी दोष देणार नाही. पण मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याने तो टाळू नये. डोळा काढून देणारा पोरगा आता गुरूच्या डोळ्यांवरची झापड काढतो आहे, आणि त्यासाठी फार कठोर झाला आहे. ही कठोरता त्याला पेलली का, असा प्रश्न पोथी विचारत नाही. तो कादंबरीने विचारावा.

इतर नाथांच्या बालकथांत रेवणाची मला विशेष जवळची वाटते. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या या पोराला पहाटे शेतावर जाताना दत्त भेटतात आणि एकच सिद्धी देतात. त्याला वाटते, सगळे मिळाले. कणग्या भरतात, गावाला जेवणे घातली जातात. मग मच्छिंद्र येतो, रानातली श्वापदे आणि पाखरे त्याच्या अंगाखांद्यावर खेळताना रेवण पाहतो आणि त्याला कळते की आपल्याला थोडेच मिळाले होते. पहिल्या यशावर भाळलेल्या प्रत्येक हुशार मुलाने वाचावी अशी ही गोष्ट आहे.

सोलापूर जिल्ह्याची स्वतःचीही एक अशी गोष्ट आहे, आणि ती मूळ कन्नडात आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. राघवांकाने तेराव्या शतकात त्यांचे चरित्र काव्यात सांगितले. गुरे राखणारा, फार न बोलणारा मुलगा. लोक त्याला खुळा समजतात. रानात मल्लय्या नावाचा जंगम येतो, मुलगा त्याला हुरडा देतो. मल्लय्या दहीभात मागतो, मुलगा घरी धावत जाऊन आणतो, तोवर मल्लय्या गेलेला असतो. मुलगा हाका मारत रडत फिरतो आणि यात्रेकरूंच्या मागे श्रीशैलापर्यंत जातो. तिथे त्याला लिंग दाखवून सांगतात की हाच मल्लय्या. त्याला ते पटत नाही. दहीभात मागणारा कुठे आहे? तो कड्यावरून उडी टाकायला निघतो तेव्हा देव त्याचा हात धरतो. परत येऊन तो सोन्नलिगेत, आजच्या सोलापुरात, तळे खोदतो आणि अडुसष्ट लिंगे स्थापतो. पुढे अल्लमप्रभू येतात आणि दगडमातीच्या या कामात गुंतल्याबद्दल त्याला टोचून बोलतात. चिडलेले शिष्य दगड मारतात, सिद्धरामाचा तिसरा डोळा उघडतो, आणि अल्लमांना त्यातले काहीही लागत नाही. शक्ती हरते तेव्हा सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला जातो आणि वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतो. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या भागातल्या मराठी मुलांना नंदीध्वज ठाऊक असतात, पण दहीभात घेऊन धावणारा पोरगा फार थोड्यांना ठाऊक असतो. मराठीत तो कुमारांसाठी नीट लिहिला गेला पाहिजे.

लहान गुरू आणि मोठा शिष्य ही जोडी मराठीत आणखी ठळक आहे. ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवणारा चांगदेव भिंत चालताना पाहून नमतो आणि शेवटी त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई हिचा शिष्य होतो. मुक्ताबाईचा जन्म १२७९चा, म्हणजे चांगदेवाची गुरू होताना ती नुसती पोर होती. या भावंडांचे बालपण म्हणजे वाळीत टाकलेल्या घरातले बालपण. मांडे भाजायला खापरही मिळू नये अशी अडवणूक, आणि ज्ञानदेवाच्या पाठीवर मांडे भाजणारी बहीण. रुसून दार लावून बसलेल्या भावाला समजावणारे तिचे ताटीचे अभंग सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. सिद्धीच्या कथांत मुलीचे घडणे आपल्याकडे जवळजवळ एवढेच आहे, आणि ते फार कमी आहे.

महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’चा इथे उल्लेख केलाच पाहिजे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटी हा ग्रंथ जमवला; मराठी गद्याची ती पहाट आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना अनुयायी परमेश्वर मानतात. त्यांच्या पूर्ववृत्ताची कथा आमच्या शेजारच्या फलटणला सुरू होते. फलटणचे चांगदेव राऊळ द्वारकेला देह ठेवतात आणि भडोचच्या हरपाळदेवाच्या निष्प्राण शरीरात प्रवेश करतात. ‘एकांक’ या पहिल्या भागात चक्रधरांच्या एकट्याने केलेल्या भटकंतीच्या लीळा आहेत, शिष्य जमण्याआधीच्या. चरित्राचा आधीचा काळ वेगळा काढून त्याला नाव देण्याची ही रीत सातशे वर्षांपूर्वी मराठीत रुजली होती.

त्याहून मागे गेलो तर पैठण. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ सातवाहनांच्या दरबाराशी जोडलेली आहे. ती पैशाची भाषेत होती आणि हरवली. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये तिचा ‘कथासरित्सागर’ केला. तिचा नायक नरवाहनदत्त हा माणसाच्या पोटी जन्मलेला राजपुत्र एकेक विद्या मिळवत विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. आणि ग्रंथाचे तोंडच पूर्वकथेचे आहे: ही कथा सांगणारे मुळात शंकराचे शापित गण कसे, ते आधी सांगून मग कथा सुरू होते.

छापखाना आल्यावर काय झाले? १८१४ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला वैजनाथ शर्मांची ‘सिंहासन बत्तिशी’ छापली गेली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पिढ्या वेड्या केल्या. १९५२पासून ‘चांदोबा’ने विक्रम-वेताळ दर महिन्याला खेडोपाडी पोचवला. अद्भुत भरपूर होते, पण शिकणारा पोरगा त्यात नव्हता. राजपुत्र असत, राक्षस असत, आणि जादू नेहमी दुसऱ्याच्या हातात असे.

रंगभूमीवरही तेच. १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने मराठी बालरंगभूमीला नवे वळण दिले आणि त्यात स्वतः चेटकीण केली. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकरांची चेटकीण गाजली, २०१८च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी ती केली तेव्हा पुन्हा नाट्यगृहे भरली. मुलांना आपल्या जादूगारणीचे केवढे आकर्षण आहे याचा हा पुरावा. ती चेटकीण लहान असताना कशी होती, हे नाटक मात्र अजून कुणी लिहिलेले नाही.

चित्रपटाने पोथीला हात घातला तो लवकर. कोल्हापूरच्या प्रभातने १९३२ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ केला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, दुर्गा खोटे राणी, आणि मास्टर विनायक गोरख. बोलपट येऊन वर्ष होते न होते तोच गुरूला सोडवायला आलेल्या शिष्याची कथा पडद्यावर आली होती. १९४० साली त्याच प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये दामले-फत्तेलालांनी भिंत चालवून दाखवली. त्याही आधी दादासाहेब फाळके हे स्वतः हातचलाखीचे प्रयोग करत आणि त्यासाठी आपले नाव उलटे करून प्रोफेसर केळफा म्हणवत. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपली छोटी मुलगी मंदाकिनी हिला बाळकृष्ण केले. मराठी सिनेमाच्या सुरुवातीच्या वर्षांतच अद्भुत होते आणि एका लहान मुलीचा चेहराही होता. २०२१ साली ‘गाथा नवनाथांची’ ही मालिका आली, आणि पोथीची बैठक संगणकी चमत्कारांसह घरात पोचली. मालिकेचा भर भक्तीवर आहे, आणि ते तिचे काम आहे.

कादंबरीने मात्र पाठ फिरवली. स्वातंत्र्यानंतरच्या मराठी कुमारसाहित्याने साहस आणि विज्ञान निवडले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवरून धावतो, जूल व्हर्न मराठीत येतो, जयंत नारळीकर ‘यक्षांची देणगी’ देतात. त्या काळाला ते हवेच होते आणि त्या लेखकांचे ऋण मोठे आहे. नारायण धारपांनी मंत्रतंत्राचे आधुनिक मराठी कथाविश्व उभे केले, पण त्यांचा समर्थ प्रौढ आहे आणि त्यांचा वाचकही. मग ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत आले आणि शिकाऊ जादूगाराची जागा भाषांतराने भरली. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने नाथसंप्रदायाचा इतिहास आणि गोरक्षनाथांची परंपरा इतकी खोलवर मांडून ठेवली असताना, त्या सामग्रीवर एकही मोठी कुमारकादंबरी उभी राहू नये, याची मला खंत वाटते.

याचे एक कारण भीती आहे, आणि ती खोटी नाही. ज्या राज्यात भोंदू बाबा आजारी माणसाला दवाखान्याऐवजी अंगाऱ्याकडे नेतात, तिथे मुलांना मंत्राच्या गोष्टी सांगाव्यात का? २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. वर्षअखेरीस कायदा झाला. ही लढाई ज्यांनी लढली त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांत जातात तेव्हा आधी चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात. मुलांच्या कुतूहलाला ते घाबरत नाहीत. गोष्ट म्हणून सांगितलेली जादू कुणाला फसवत नाही. फसवतो तो, जो गोष्ट खरी म्हणून विकतो. आणि आपल्या जुन्या कथा तर सिद्धीलाच कमी लेखतात. चांगदेवाचा वाघ हरतो, सिद्धरामाचा तिसरा डोळा निष्फळ ठरतो, सोन्याची वीट दरीत जाते. दाभोलकरांच्या वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. या कथा पोथीइतक्याच डवरी गोसाव्यांनी आणि भराड्यांनी जिवंत ठेवल्या. डौर आणि किंगरी घेऊन दारोदार गाणारी ही माणसे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मच्छिंद्राने पाचव्या वर्षी जी भिक्षा पत्करली तीच वाट हे लोक चालत होते. नाथांच्या बालपणावर कुणी मराठीत लिहिणार असेल तर या समाजातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला आधी मंगळवेढ्याला जावे, आणि त्यांचे नाव व मोबदला पुस्तकात दिसावा, असे मी आग्रहाने म्हणेन. समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींनीच ते लिहिले तर उत्तम.

अशा पुस्तकात परदेशी शाळेची नक्कल नको. आपल्या कथांत शाळा नाही. गुरू चालतो आणि शिष्य मागे चालतो. मढी, मायंबा, वृद्धेश्वर, चिंचोली, बत्तीस शिराळा अशी गर्भगिरीपासून वारणेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेली नाथांची ठिकाणे हाच अभ्यासक्रम. सुट्टी नाही, परीक्षा वाटेत येते, आणि ती कुणी घेतली हे नंतर कळते. शिष्य गुरूला मागे टाकतो आणि तरी त्याचे गुरुपण जात नाही. एवढ्या एका नात्यावर चार-पाचशे पाने सहज उभी राहतील.

सुरुवात कुठून करावी असे कुणी मला विचारले तर मी गहिनीचे नाव घेईन. मच्छिंद्राला कोळी मिळाला, गोरक्षाला उकिरडा, रेवणाला शेत. या सगळ्यांची लहानपणे पोथीने सांगून ठेवली आहेत. चिखलातून उठलेला तो मुलगा मात्र परक्या आईच्या मांडीवर दिला जातो आणि थेट मोठेपणी परत दिसतो. मधली सगळी वर्षे मोकळी आहेत. त्याला ओळखणारी, त्याच्यापासून भूत म्हणून पळालेली गावची पोरे त्याच वाड्यावस्त्यांवर वाढत असणार. ती मोठी होत असताना तो त्यांच्यात खेळला का, पहिल्या पावसात अंगणात उभे राहायची त्याला भीती वाटली का, आपण कशाचे झालो हे त्याला कुणी आणि केव्हा सांगितले, आणि ते कळल्यावर, बारा-तेरा वर्षांचा असताना, त्याने ज्या गोरक्षाने त्याला अनवधानाने घडवले त्याच्यापुढे जाऊन काय मागितले?